पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचे विमान

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली दलात दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. त्या दिवशी आमचे अण्णा स्नान, देवदर्शन व जाप्य आटोपून टीव्हीसमोर येऊन बसले होते. त्यांचे वय आता त्र्याऐंशी. दृष्टी मंदावली आहे. पडद्यावरचे चित्र धूसर दिसते, पण आवाज चांगला ऐकू येतो. अखेरची विमाने आकाशात झेपावल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले. तो नमस्कार कोणाला होता, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

त्या वेळी आतल्या खोलीत माझ्या टेबलावर त्याच विमानाची एक प्रतिकृती अर्धवट स्थितीत पडून होती. ती पुरी करावी की नाही, या प्रश्नाशी मी कित्येक आठवडे झगडत होतो. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. छप्पन्न वर्षांच्या गृहस्थाने प्लास्टिकचे विमान जोडले काय आणि न जोडले काय! परंतु आपल्या घरांत लहानसहान वस्तूंकडेही भावाच्या दृष्टीने पाहण्याची रीत आहे, आणि या विमानामागे आमच्या घराची एक जुनी गोष्ट आहे. म्हणून हे लिहावेसे वाटले.

अण्णा १९६८ साली सांगली जिल्ह्यातून नाशिकजवळच्या ओझरला आले. मिग-२१ भारतातच बनवण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६४ साली तेथे कारखाना उभारला होता. इंजिने ओरिसातील कोरापुट येथे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे आणि विमानाचा सांगाडा ओझर येथे, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीची विमाने सोव्हिएत संघातून सुट्या भागांच्या रूपाने येत आणि येथे जोडली जात. पुढे भागही येथेच बनू लागले. शेकडो मिग-२१ ओझरने हवाई दलाला दिली. अण्णा रिव्हेट मारण्याच्या विभागात होते. अॅल्युमिनिअमचा पत्रा आतल्या चौकटीवर बसवायचा, भोकात रिव्हेट घालायची, एकाने बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक चालवायची आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा घट्ट धरायचा. दोघांचा ताल चुकला की रिव्हेट वाकडी बसते आणि काढून पुन्हा मारावी लागते. अण्णा बहुतेक वर्षे आतल्या बाजूला असत. त्या आवाजाने त्यांचा डावा कान थोडा अधू झाला, तो कायमचाच.

१९७१ च्या युद्धात १४ डिसेंबर रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटचा मारा केला आणि दोनच दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो. वसाहतीत पेढे वाटले गेले, असे शेजारच्या काकू पुढे सांगत. अण्णांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला, एवढेच आई सांगे.

आई बेळगावकडची. तिच्या माहेरी कन्नड पुराणकथांचे वाचन चाले. दर रविवारी ती आम्हां भावंडांना म्हसरूळच्या गजपंथा क्षेत्री दर्शनाला नेई. पाणी गाळून घेणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे, कंदमुळे वर्ज्य करणे हे सारे तिने आमच्यावर कधी लादले नाही. ते आमच्या घरच्या हवेतच होते. १९७९ सालच्या पर्युषणात मी दहा वर्षांचा होतो. एका खोक्याच्या मऊ लाकडातून मी चाकूने आठ दिवस खपून मिग-२१ कोरले. त्रिकोणी पंख, गोल उघडे नाक, त्यातला टोकदार शंकू, सगळे जमेल तसे केले. पंखांखाली आगपेटीच्या काड्या बांधून क्षेपणास्त्रेही लावली. ते घेऊन मी तोंडाने आवाज काढत स्वयंपाकघरात शिरलो आणि आईच्या हातातल्या पातेल्यावर एक हल्ला केला.

आई रागावली नाही. तिने मला पाटावर बसवले आणि यशोधर राजाची कथा सांगितली. उज्जयिनीचा हा राजा. आईच्या, म्हणजे चंद्रमतीच्या आग्रहामुळे देवीला बळी देण्याची वेळ त्याच्यावर आली. जिवंत प्राणी मारणे त्याला नको होते. म्हणून तोडगा निघाला, पिठाचा कोंबडा करावा आणि तो कापावा. रक्त सांडले नाही, जीव गेला नाही. तरीही मारण्याचा संकल्प झाला, म्हणून माय-लेकांना कित्येक जन्म पशुयोनीत भटकावे लागले. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’त, पुष्पदंताच्या अपभ्रंश काव्यात आणि कन्नड कवी जन्नाच्या ‘यशोधर चरिते’त ही कथा आहे, हे मला फार नंतर कळले. त्या दिवशी मला एवढेच कळले की माझे विमान म्हणजे पिठाचा कोंबडा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते पाण्याच्या बंबात टाकले. अण्णा अंघोळीला आले तेव्हा त्याचा एक पंख अजून जळायचा होता. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पाणी काढून घेतले.

या मौनाचा अर्थ मला मोठेपणी जाणवू लागला. लाकडाचे विमान जर पिठाचा कोंबडा, तर अण्णा रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन जे करायला जात होते ते काय होते? मुलाच्या खेळण्याचा न्याय करताना आईने नकळत घरच्या भाकरीचाही न्याय केला होता काय? त्यानंतर सेहेचाळीस वर्षे या विषयावर आमच्या घरात कोणी बोलले नाही. आई आठ वर्षांपूर्वी शांतपणे गेली. तो प्रश्न मात्र राहिला.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी हा छंद पुन्हा धरला. ज्यांच्या घरी तो नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या संचात पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे शेकडो लहान भाग चौकटींना चिकटलेले असतात. एकेक भाग कापून घ्यायचा, पॉलिश पेपरने घासायचा, चिकटवण्याआधी नुसताच जुळवून पाहायचा. यातले पातळ सिमेंट खरे तर डिंकासारखे चिकटवत नाही. ते प्लास्टिक किंचित विरघळवते आणि दोन भाग एकजीव होतात. कामाची सुरुवात नेहमी वैमानिकाच्या कक्षापासून होते, कारण धडाचे दोन अर्ध एकदा मिटले की आत हात जात नाही. लढाऊ जेट विमानांचे संच बहुधा १:७२ किंवा १:४८ प्रमाणात मिळतात. मी घेतलेला संच एड्युआर्ड या चेक कंपनीचा, मिग-२१ बिस या प्रकाराचा, १:४८ प्रमाणातला. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर ते पंधरा सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतात.

काम सुरू केले आणि आईची कथा पुन्हा समोर उभी राहिली. आपल्याकडे चार निक्षेप सांगितले आहेत : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. प्रतिकृती ही स्थापना होय. देवघरातील चार बोटांची मूर्ती लहान आहे म्हणून आपण तिला लहान भगवंत मानत नाही. श्रवणबेळगोळची ५७ फुटांची मूर्ती आणि घरातली पितळी मूर्ती, दोहोंपुढे मस्तक सारखेच झुकते. मूर्तीच्या बाबतीत आकाराने भाव बदलत नसेल, तर शस्त्राच्या बाबतीत तो कसा बदलेल? १:४८ प्रमाणात हिंसाही अठ्ठेचाळीस पटींनी लहान होते, असे म्हणण्याची सोय मला राहिली नाही.

मी स्वतःला बरीच उत्तरे देऊन पाहिली. पहिले उत्तर असे की हे काम म्हणजे एक प्रकारचे ध्यान आहे. दोन तास कसे जातात कळत नाही, मन इकडे-तिकडे भटकत नाही. हे खरे आहे. पण आपल्या शास्त्रात ध्यानाचे चार प्रकार आहेत आणि त्यांपैकी आर्त व रौद्र हे दोन त्याज्य आहेत. नुसती एकाग्रता हा गुण नव्हे. ती कशावर आहे, हे पाहावे लागते. एका रात्री पंखांखालच्या क्षेपणास्त्रांना रंग देताना माझ्या मनात एक आकाश उभे राहिले. त्यात माझे विमान वळले, समोरच्या विमानाला आग लागली आणि ते धूर सोडत खाली गेले. मला बरे वाटले. मी भानावर आलो तेव्हा हातातला कुंचला तसाच थांबलेला होता. समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत अपध्यान हा एक आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नाशाचे निष्कारण चिंतन. ते येथे, माझ्या टेबलावर, दिव्याच्या उजेडात घडले होते. दहा वर्षांच्या मुलाने पातेल्यावर केलेला हल्ला त्याहून निरागस होता.

दुसरे उत्तर मी कृतीने दिले. क्षेपणास्त्रे व बॉम्ब काढून खोक्यात ठेवून दिले. निःशस्त्र विमान! दोन दिवस समाधान वाटले. मग आईचा आवाज आठवला. कोंबड्याची चोच मोडली तरी तो कोंबडाच राहतो. मिग-२१ शत्रूचे विमान पाडण्यासाठीच निर्माण झाले होते. पंखांखालची जागा रिकामी ठेवून मी विमानाचा स्वभाव बदलला नव्हता, आपल्या मनाची समजूत तेवढी घातली होती.

हा विचार चालू असतानाच एक गोष्ट लक्षात येऊन मी खरोखर लाजलो. ज्या कुंचल्याने मी हे सारे रंगवत होतो तो कोलिन्स्की सेबलचा होता. हा मुंगसासारखा दिसणारा एक लहान प्राणी. त्याच्या शेपटीच्या केसांपासून उत्तम कुंचले बनवतात. प्लास्टिकच्या क्षेपणास्त्राने कोणाला इजा होत नाही, पण हा कुंचला एका मेलेल्या जीवाच्या शेपटीतून आला होता आणि त्याच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते. मी ते कुंचले बाजूला ठेवले. नायलॉनच्या कुंचल्याने रेघ थोडी जाड येते, एवढाच फरक पडला. त्याच दिवशी कपाट उघडून न फोडलेले संच मोजले. अकरा निघाले. या छंदातल्या लोकांत ते हसण्यावारी नेले जाते. पण परिग्रहाचे परिमाण घेतलेल्या माणसाला अकरा खोकी लपवता येत नाहीत. एक पुरा झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, हा नियम तेव्हापासून केला आहे आणि तो पाळणे विमान जोडण्याहून कठीण जात आहे.

एवढे होऊनही मूळ प्रश्न सुटला नव्हता. तो सुटला असे आजही म्हणणार नाही. पण निरोपाच्या त्या दिवशी दुपारी जे घडले त्याने त्याचे रूप बदलले.

अण्णांनी विचारले, “तुझे ते विमान कुठवर आले?” मी ते त्यांच्या हातात दिले. रंगाचा पहिला थर बसला होता. अण्णांनी डोळ्यांजवळ न नेता बोटांनी ते पाहायला सुरुवात केली. आधी नाक, मग पंखाची पुढची कड, मग पाठ. या संचात पत्र्यांचे जोड आणि रिव्हेटच्या ओळी केसाएवढ्या बारीक खुणांनी कोरलेल्या असतात. पाठीवर येऊन त्यांचे बोट थांबले. “इथली ओळ कुठे गेली?” धडाचे दोन अर्ध जोडल्यावर मधली फट पुट्टीने भरून मी ती घासली होती, त्यात रिव्हेटच्या खुणाही पुसल्या गेल्या होत्या. मला ते दिसले नव्हते. त्यांना दिसत नसूनही कळले. “सुई आण,” ते म्हणाले. मग ते अंतर सांगत गेले आणि मी सुईच्या टोकाने एकेक खूण पाडत गेलो. बाहेर मी होतो आणि आतून ठोकळा धरणारे ते, असे मला वाटून गेले.

ओळ पुरी होत आली तेव्हा ते आपण होऊन बोलू लागले. “विमान पडल्याची बातमी आली की मला झोप लागत नसे. कारणे नाना असत. इंजिन, पक्षी, हवा, पोरांचे कोवळे वय. रिव्हेटमुळे पडले असे कोणी कधी म्हटले नाही. पण आत बसलेला तो मुलगा माझ्या पत्र्याच्या आत बसलेला असे. दुसऱ्या दिवशी मी उपवास करत असे.”

मला लहानपणीचे दिवस आठवले. अष्टमी नाही, चतुर्दशी नाही आणि अण्णांच्या पानावर काही नाही. आम्ही विचारले की आई म्हणे, “आज अण्णांना जेवायचे नाही.” मी म्हणालो, “म्हणजे आईला ठाऊक होते?”

“ठाऊक होते म्हणजे? त्या दिवशी ती एकभुक्त राहत असे. आणि आपल्या विमानाने समोरचे पाडल्याची बातमी आली, तरी तिचा नियम तोच. दोन्हीकडे आया असतात, म्हणायची.”

मी धीर करून लाकडाच्या विमानाचे विचारले. सेहेचाळीस वर्षांनी. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती तुझ्यावर रागावली नव्हती. माझ्यावरही नाही. तू ते जाळलेस तेव्हा रात्री ती रडली. मला म्हणाली, घर राखायला कोणीतरी हे करावे लागते, तुम्ही करता, ते मला मान्य आहे. पण घरात हे ओझे एकाने वाहिले तेवढे पुरे. पोराने ते खेळ म्हणून उचलू नये.”

गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा त्याच्याकडून पूर्णपणे सुटत नाही, हे आपण पाठशाळेत शिकतो. बाहुबलींची ती भव्य मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा सेनापती होता, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण विरोधी हिंसा सुटत नाही म्हणजे ती हलकी होते असे नव्हे, हे मी पुस्तकात वाचले होते आणि माझ्या आईवडिलांनी ते रिकाम्या पानावर पाळले होते. ज्याचे ओझे वाटते तो ते जपून वाहतो. ज्याला ते खेळ वाटते त्याच्यापाशी पिठाचा कोंबडाही आरवतो.

भरत आणि बाहुबली यांच्या सैन्यांची समोरासमोर गाठ पडली तेव्हा मंत्र्यांनी तोड काढली की हजारो निरपराध जीव कशाला जायचे. दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे. युद्ध लहान करण्याचा हा मार्ग आपल्या पुराणाने सांगितला आहे. जेथे बाहुबलींचा उगारलेला हात थांबला, तेथे ते संपले. माझ्या टेबलावरच्या लहान युद्धाचीही कसोटी बहुधा तीच असावी. हात कोठे थांबतो आणि थांबताना मनात काय येते?

विमान मी पुरे केले. क्षेपणास्त्रे लावली नाहीत, पण आता त्याला मी निःशस्त्र म्हणत नाही. तीन चाकांवरची अशी प्रतिकृती शेपटीवर बसू नये म्हणून तिच्या नाकात वजन भरावे लागते. त्यासाठी अण्णांच्या जुन्या हत्यारांच्या पेटीतले तीन छोटे नट मी सुरुवातीलाच आत चिकटवले होते. ते कोणाला दिसत नाहीत. पण विमान उभे आहे ते त्यांच्यामुळे. हे सांगितले तेव्हा अण्णा हसले. मी खोक्यातल्या अकरा संचांचेही सांगितले. तेव्हा मात्र हसले नाहीत.

शेवटी वैमानिकाच्या कक्षावरची काच तेवढी राहिली. मी विचारले, “बंद बसवू की उघडी?” त्यांनी बोटाने आत चाचपले. आसन रिकामे होते.

“माणूस नाही का आत?”

“नाही बसवला.”

“मग उघडी ठेव,” अण्णा म्हणाले. “काच उघडी आणि खुर्ची रिकामी म्हणजे पोरगा उतरून घरी गेला.”

बिसची काच उजव्या बाजूला उघडते. तशीच ती बसवली. विमान देवघरात नाही, बैठकीच्या खोलीतही नाही. अण्णांच्या पलंगाशेजारच्या फळीवर आहे. रात्री णमोकार म्हणून झाल्यावर त्यांचा हात कधीकधी त्या फळीकडे जातो, पाठीवरची ती ओळ एकदा चाचपतो आणि मग ते दिवा मालवायला सांगतात.